आमची वाटचाल: इन्सॅटच्या डिशपासून नाविकपर्यंत

आमची कंपनी छोटी आहे, भोसरीत एक गाळा, आणि काम काय तर लांबलांबची घड्याळं एकमेकांशी जुळवून द्यायची. सबस्टेशन, कंट्रोल रूम, सर्व्हर रूम असले कस्टमर.

सुरुवात इन्सॅटवर, म्हणजे भारताच्या दळणवळण उपग्रहांवर झाली. तेव्हा दिल्लीची एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, देशाची प्रमाणवेळ सांभाळणारी) इन्सॅटवरून प्रमाणवेळेचा सिग्नल सोडायची आणि आम्ही गच्चीवर डिश लावून डिकोडर जोडून द्यायचो. लोकांना वाटायचं सिग्नल आला म्हणजे टाइम आला, पण उपग्रह ३६,००० किमी वर, वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, त्यात तो नावाला स्थिर, रोज थोडा डोलतोच, मग डिलेही बदलतो. म्हणून उपग्रह आत्ता कुठंय ते त्या सिग्नलमध्येच यायचं, आपण अक्षांश-रेखांश भरले की रिसीव्हर डिले काढून वजा करायचा. धंद्याची मेख तीच, टाइम फुकट, पैसे डिले काढायचे!

मोठ्या लॅब याच्याही पुढे जातात. दोन लॅबनी उपग्रहावरून एकमेकींकडे एकाच वेळी पल्स सोडायचे, समोरचा पल्स कधी पोचला ते मोजायचं आणि वजाबाकी, वाट दोन्हीकडून जवळपास सारखीच म्हणून डिले कटून जातो (पृथ्वी फिरते त्याचं करेक्शन उरतं). १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहावरून अमेरिका आणि ब्रिटनची घड्याळं अशीच मायक्रोसेकंदापर्यंत जुळवली होती, आता गोष्ट नॅनोसेकंदांत चालते. पण दोन्ही टोकांना ट्रान्समिटर, ट्रान्सपॉन्डरचं (उपग्रहावरच्या सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्राचं) भाडं, लायसन्स... आपल्या ऐपतीतलं नाही ते.

मग जीपीएस आलं आणि डिश गेली. अँटेना मुठीएवढा झाला तरी डिले काही सुटला नाही, ३० मीटर केबल टाकली की १५० नॅनोसेकंद त्यातच जातात. सबस्टेशनवाल्यांना मायक्रोसेकंद पुरतो पण तो पक्का लागतो, कारण फॉल्टचा धक्का लाइनच्या दोन टोकांना कधी पोचला त्यावरून जागा काढतात, आणि त्या टोकांच्या घड्याळांत एवढा फरक पडला तरी फॉल्टची जागा दीडशे मीटर सरकते, मग लाइनमन भलत्याच टॉवरवर.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) आदेश निघाला, सगळ्यांनी घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या टाइमशी जुळवा, आणि ज्यांना आमचा धंदाच कळत नव्हता त्यांचेही फोन सुरू झाले. २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून नाविकवर (जीपीएससारखी भारताची स्वतःची यंत्रणा) जीपीएस वापरतं तो एल-वन बँडही आला, म्हणून जीपीएसचाच अँटेना चालतो, त्यामुळे सध्या दोन्ही घेणारा बॉक्स बनवतोय, टेंडरमध्ये नाविक मागायलाही लागलेत.