जुगाराचा डॉक्टर

रॉबर्ट कस्टर नावाचा अमेरिकन सायकियाट्रिस्ट होता, त्याच्याबद्दल वाचल्यापासून तो डोक्यातनं जाईना झालाय. त्यानं ओहायोतल्या ब्रेक्सव्हिलच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात १९७२ मध्ये जुगारी लोकांना दारूच्या पेशंटसारखं ॲडमिट करून ट्रीटमेंट सुरू केली, आणि हा आजार आहे हे लोकांना पटवण्यात त्याचं करिअर गेलं. १९८० ला डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत, नोंद झाली, पण त्यातल्या व्यसनांच्या गटात यायला २०१३ उजाडलं, तोवर तो गेला होता बिचारा.

मला सगळ्यात हलवलं ते पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, गोळ्यांनी. मेंदूतल्या डोपामीन नावाच्या रसायनासारखं काम करणाऱ्या काही गोळ्या सुरू केल्यावर कधी न खेळणारी माणसंपण जुगार खेळायला लागली, आणि गोळी कमी किंवा बंद केल्यावर बऱ्याच जणांचं थांबलं. जुगारी म्हटलं की लोक संस्कार काढतात. आता सांगा, ह्यात संस्कार कुठं आले?

आपल्याकडं मटका होताच, आता मोबाईलवरचा जुगार आलाय. गल्लीतलं एक पोरगं कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लास धरून उभं, फेस बसला तरी घोट नाही, नजर स्क्रीनवर, अंगठा चालूच. घरच्यांनी जोतिबाला नवस बोलला, मारलं, शपथा घातल्या, फक्त डॉक्टरकडं नेलं नाही. बंगळूरला निम्हान्स या मानसिक आजारांच्या हॉस्पिटलात मोबाईलच्या व्यसनासाठी शट क्लिनिक २०१४ पासून आहे, पण आधी कोल्हापुरातल्याच सायकियाट्रिस्टकडं न्या की. आणि त्याचं कर्ज एकदम फेडून टाकू नका, पुन्हा खेळायला मोकळीक मिळते, पैशाचा व्यवहार काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाकडं द्या.