आमची वाटचाल : बोलका पोरगा द्या, एवढंच मागायचे सगळे

आमचं काम म्हणजे छोट्या धंदेवाल्यांना कुठल्या कामावर कुठला माणूस बसवायचा ते सांगणं. सुरुवात साध्या भरतीपासून झाली, बायोडेटा गोळा करा, इंटरव्ह्यू लावा, माणूस लागला की कमिशन घ्या. मालकांची मागणी ठरलेली, बोलका, स्मार्ट, समोरच्याला गुंडाळेल असा पोरगा पाहिजे. आणि पुढे त्याच मालकाचा फोन, अहो पोरगा बोलतो झकास पण ऑर्डर कुठे येतायत?

मग आम्ही पर्सनॅलिटी टेस्टच्या मागे लागलो. एमबीटीआय म्हणजे माणसाला सोळापैकी एका स्वभावात बसवणारी टेस्ट, तिचे सोळा प्रकार लोकांना फार आवडतात, राशीभविष्यासारखं वाचतात, पण ती टेस्ट विकणारेच सांगतात की भरतीसाठी वापरू नका, म्हणून ती सोडली. बिग फाइव्ह, म्हणजे स्वभावातले पाच मुख्य गुण मोजणारी टेस्ट, ती ठेवली. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट या दोन संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात काटेकोरपणा, हातातलं काम तडीला नेणं हा गुण जवळपास सगळ्याच कामांत उपयोगी दिसला, आणि बहिर्मुखपणा सेल्स आणि मॅनेजरच्या कामात, पण संबंध काही फार मोठा नाही. २०१३ ला अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने कॉल सेंटरमधल्या ३४० सेल्सवाल्यांवर अभ्यास केला, तिथे सगळ्यात जास्त धंदा आणणारे निघाले मधले लोक, धड बडबडेही नाहीत धड घुमेही नाहीत. हे मालकांना सांगितलं की पहिल्यांदा पटत नाही कोणालाच.

आता टेस्ट थोडी आणि काम जास्त बघतो. आमच्यातलाच एकजण गिऱ्हाईक बनून बसतो आणि म्हणतो, भाव जास्त वाटतोय, बघू नंतर. इथे बरेचजण लगेच डिस्काउंट काढतात, काही जण परत पहिल्यापासून प्रॉडक्टचं कौतुक सुरू करतात, आणि एखादाच विचारतो, कशाच्या मानाने जास्त वाटतोय सर? त्यानंतर लगेच त्याच बोलण्याची नोंद लिहायला देतो, काय ठरलं, परत फोन कधी करायचा. गोड बोलणाऱ्यांची इथे बऱ्याचदा दांडी उडते.

शिवाय सेल्स म्हणजे एकच काम नाही ना. नवीन गिऱ्हाईक शोधायला नकार पचवणारा लागतो, जुनं सांभाळायला बारीकसारीक लक्षात ठेवणारा, उधारी वसुलीला न चिडता न लाजता परत परत फोन करणारा. एका क्लायंटकडे अकाउंट्सला एक शांत मॅडम होत्या, कोणाचं बिल कधी थकतं आणि का थकतं हे सगळं तोंडपाठ, त्यांना जुन्या गिऱ्हाइकांचं काम द्या म्हटलं तर मालक हसले, त्या बोलतच नाहीत हो कोणाशी. दिलं शेवटी, आणि रिपीट ऑर्डरी त्यांच्याच फोनवर यायला लागल्या.

हल्ली बायोडेटा मागायच्या आधी मालकाला बसवून नवीन माणूस आठवडाभर नक्की काय करणार ते लिहून घेतो. त्यात कित्येकदा निघतं की सेल्समन नकोच आहे, कोटेशन वेळेवर पाठवणारं कोणीतरी पाहिजे.