आधी चाल, मग नाव

चार ते सात वर्षांच्या मुलांना अंगणातले पक्षी ओळखायला शिकवताना मी सुरुवातच उलटी केली: चित्रांचा तक्ता हातात दिला. मुलं पक्ष्याकडे बघेचनात, तक्त्यातलं सगळ्यात झकास चित्र शोधत बसली. मग दिसेल तो पक्षी खंड्या! आता पहिले दोन आठवडे तक्ता बाहेरच काढत नाही.

त्याऐवजी चिमणी, साळुंकी आणि कावळा हे तीन पक्षी पक्के करून घेते. हीच मुलांची मोजपट्टी. नवा पक्षी दिसला की पहिला प्रश्न, ‘चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा?’ रंगाचं नंतर बघू, कारण रंग फसवतो. उजेड पक्ष्याच्या मागून आला तर सगळेच काळे दिसतात. म्हणून ऊन आपल्या पाठीवर येईल अशी जागा धरायची, उजाडल्यावर पहिल्या दोन तासांत.

दुसरा प्रश्न चालीचा. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. साळुंकी एकापुढे एक पाय टाकत, मान हलवत, ऐटीत चालते. हे सांगण्यापेक्षा मुलांनाच करून दाखवायला लावते. एकदा साळुंकीसारखं चालून झालं की तिची पिवळी चोच आणि डोळ्यामागचं पिवळं कातडं आपसूक नजरेत भरतं. उडताना पंखांत चमकणारे पांढरे पट्टेही मग मुलंच दाखवतात.

त्यानंतर शेपूट. दयाळ आणि शिंपी ती उभी धरतात. आकारावरून दोघे लगेच वेगळे पडतात. बुलबुलांपाशी जरा थांबावं लागतं. लालबुड्या आणि शिपाई, दोघांच्या शेपटीखाली लाल असतंच. शिपाई ओळखायचा तो टोकदार तुऱ्यावरून. गालावरचा लाल ठिपका त्याच्या पिल्लांना नसतो, त्यामुळे ठिपक्यावर विसंबलेली मुलं हमखास चुकतात.

सगळ्यात मोठा घोळ नर-मादीचा. काळाभोर, लाल डोळ्यांचा कोकीळ आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी एकाच जातीची, हे मोठ्यांनाही पटत नाही. (कुहूकुहू करतो तो नर.) मुलांनी दोन वेगळे पक्षी म्हणून नोंदवले तर नोंदवू द्यावेत. बघणं बरोबर आहे, नाव मागाहून जुळेल.

नोंद १५ मिनिटांची. तीच चिमणी दहादा येते आणि मुलं दहा चिमण्या लिहितात. म्हणून नियम असा की एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या तोच आकडा लिहायचा.

दुर्बीण सहा वर्षांखालच्यांना देऊच नये, मान अवघडते आणि रडू येतं. त्याहून मोठ्या मुलांना ६ किंवा ८ पट मोठं दाखवणारी पुरे. १० पट दुर्बिणीत हाताची थरथरही दसपट. दोन्ही नळ्या मुलाच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का हे आधी तपासा. नाही आल्या तर मूल एक डोळा मिटून घेतं आणि आपल्याला कळतही नाही. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. हा सराव आधी कुंडीवर. सूर्याकडे कधीच नाही.

पक्षी जवळ यावेत म्हणून मातीची पसरट थाळी ठेवते, पाणी मध्यभागी फार तर ५ सेंटिमीटर, त्यात एक खडबडीत दगड. तळ गुळगुळीत असला की पाय घसरतात आणि पक्षी टाळतात. झुडूप दोन-तीन मीटरवर हवं: अगदी जवळ असेल तर मांजर दबा धरतं, फार लांब असेल तर पक्ष्याला आडोसा उरत नाही. पाणी रोज बदलायचं, थाळी घासायची, नाहीतर शेवाळ आणि डासांच्या अळ्या. पहिले काही दिवस कुणी फिरकत नाही. तेव्हा थाळीची जागा बदलत बसू नका.

आवाज ओळखणारं अ‍ॅप मी शेवटी उघडते. आधी उघडलं की नजर पडद्याला चिकटते. घरट्याजवळ जायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगते. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलायचं नाही. आईबाप बहुधा जवळच असतात.

वहीत ‘माहीत नाही’ असा एक रकाना असतो. ‘साळुंकीहून लहान, शेपूट उभी, भिंतीवर, काळा-पांढरा’. तिसऱ्या आठवड्यात तक्ता निघतो तो या रकान्यासाठी.