कार्डावर सहा महिने, पायात नऊ

गुडघ्याचं ऑपरेशन तासा-दीड तासात उरकलं, चौथ्या दिवशी कुबड्यांवर जिना चढलो. माझं डोकं फिरवलं ते डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीने: 'सहा महिन्यांनी खेळ सुरू.'

फेब्रुवारीत जत्रेच्या कबड्डी सामन्यात चढाईला गेलो, कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला. मी वळलो, पाय मॅटलाच चिकटून राहिला, गुडघ्यात टक्कन आवाज. एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं हाड नडगीला धरून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. मार्चअखेर दुर्बिणीतून ऑपरेशन. सप्टेंबरअखेर सहा महिने भरणार, नोव्हेंबरात जिल्ह्याची निवड चाचणी. हिशोब चोख होता.

फिजिओ मॅडमनी तो मोडला. मला खुर्चीत बसवून नडगीला पट्टा बांधला, पट्ट्याला मुठीएवढं यंत्र. "दादा, जीव खाऊन ताणा." डावा पाय ४१ किलो, उजवा २९. "७१ टक्के. ९० शिवाय मी सोडत नाही."

मी कार्ड पुढे केलं. दुखत नाही, सूज नाही, रोज धावतोय, अजून काय पाहिजे? त्यांनी टेप काढली. उजवी मांडी दोन सेंटीमीटर बारीक. मग एका पायावर लांब उडी मारायला लावली, तर उतरताना गुडघा आत कलला. हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

तरी मी भांडलोच. तेव्हा त्यांनी २०१६ चा नॉर्वेतला अभ्यास काढला. १०६ जण, दोन वर्षं नजरेखाली. नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका लांबवला, तितकी दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता निम्म्याने उतरत गेली. ताकदीच्या आणि उड्यांच्या कसोट्या न जमता खेळायला उतरलेल्या ५५ पैकी २१ जण पुन्हा जायबंदी. सगळ्या जमलेल्या १८ पैकी एकच. मी म्हणालो, "एवढ्याशा माणसांवरून?" त्या म्हणाल्या, "मग १०७ वे तुम्ही व्हा." असला राग आला! आकडा लहान आहे हे माझं म्हणणं आजही खरंच आहे, पण २९ किलोही खरेच होते.

निवड चाचणी बाकावरून पाहिली. आठवडाभर फिजिओकडे फिरकलो नाही. तो मूर्खपणा, सांगून ठेवतो.

मध्येच आठवलं: विम्याचं कॅशलेस असेल तर पहिल्याच केसपेपरवर दुखापतीची तारीख आणि खेळताना लागलं हे लिहून घ्या. नाहीतर 'जुनं दुखणं आहे का' विचारत बसतात.

आणि ऑपरेशनचीही घाई नको. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर चाचणी झाली, त्यात आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन, अशा गटातल्या ५९ पैकी ३६ जणांना दोन वर्षांत ते लागलंच नाही, आणि लगेच कापून घेतलेल्यांचे गुडघे काही जास्त बरे नव्हते. माझा गुडघा जिना उतरतानाही निसटायचा, म्हणून मी केलं. पण हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

डिसेंबरअखेर डावा ४२, उजवा ३८. नव्वद टक्के, काठावर पास. मॅडम हसल्या नाहीत, फक्त वहीत लिहिलं.

जानेवारीत सरावाला पहिली चढाई. बोनस घेतला. घोट्याला हात लागला आणि मी स्वतःच लाइनबाहेर उडी मारली. पोरं खदाखदा हसली. हसू देत.