‘मॅडम, पोटात दुखते’

चौथीच्या वर्गात दिवसातून एकदा तरी कोणीतरी टेबलाशी येते आणि हळूच म्हणते, ‘मॅडम, पोटात दुखते.’ पूर्व नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत मी गेली चौदा वर्षे शिकवते आहे, आणि या वाक्याचा अर्थ मला बराच उशिरा कळला. भूक लागलेली असो, गणिताची धास्ती असो, रात्री घरी भांडण झालेले असो किंवा मधल्या सुट्टीत कोणी खेळायला घेतलेले नसो, मूल सांगते ते हेच. कारण आत जे काही बिघडते त्यासाठी न लाजता उच्चारता येण्याजोगे हे एवढेच शब्द आपण त्याला दिलेले असतात.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने सलग दोन दिवस हेच सांगितले. पहिल्या दिवशी मी तिला चिमूटभर ओवा दिला आणि बाकावर डोके टेकवून बसायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती खिचडी घ्यायलाही जागेवरून उठली नाही, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी तिच्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांच्या लक्षात आले की तिची पाळी सुरू झाली आहे. ती दहा वर्षांचीही पूर्ण झालेली नव्हती. आपल्याला मोठा आजार झाला आहे आणि तो आपल्याच कुठल्यातरी चुकीमुळे झाला आहे, असे मनात धरून तिने ते दोन दिवस काढले होते. पाळीविषयी बोलायचे ते सहावी-सातवीत, असे मी गृहीत धरले होते आणि त्याची किंमत त्या लेकराने मोजली. तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीआधी मी चौथीत हा विषय घेते, आणि मुलग्यांना बाहेर न पाठवता घेते.

शरीराच्या अवयवांची नावे आपण पहिलीपासूनच शिकवतो. डोके, कान, खांदा, पोट, आणि मग एकदम गुडघा. मधली जागा तक्त्यावरही कोरी असते. घरी तिला ‘शूची जागा’ म्हणतात, किंवा ‘शेम शेम’. हा दुसरा शब्द मी माझ्या वर्गातून काढून टाकला, कारण ज्या अवयवाचे नावच लाज आहे त्याला कोणी हात लावला तर मूल ते सांगणार कसे? पहिली-दुसरीत ‘खासगी अवयव’ आणि चौथीत शिश्न, योनी हे शब्द मी सरळ फळ्यावर लिहिते. पहिल्यांदा वर्ग हसतो, दुसऱ्यांदा थोडा कमी हसतो, आणि तिसऱ्या वेळी ते शब्द कोपर आणि घोट्याच्या रांगेत जाऊन बसतात.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडीही मी आता वापरत नाही. जो स्पर्श करू नये तो प्रत्येक वेळी दुखतोच असे नाही, आणि दवाखान्यातले इंजेक्शन मात्र दुखते. मी ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ म्हणते, आणि सोबत एक खूण सांगते: ‘हे घरी कोणाला सांगू नको’ असे जो म्हणेल, त्याचे सगळे घरी सांगायचे.

यातला माझा सर्वांत आवडता तास तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात येतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातात, म्हणून मी त्यांना आपापल्या गल्लीचा नकाशा काढायला लावते. एकटे जायची घरे हिरवी, दादा किंवा ताईसोबत जायची पिवळी, आणि जिथे जायचे नाही त्या घरावर फुली. एका मुलाने अगदी शेजारच्या घरावर फुली मारली. विचारले तर म्हणाला, ‘तिथले काका गाल ओढते अन् सोडतच नाही. मले आवडत नाही.’ मागच्या वर्षी त्या घरी जायला नकार दिला म्हणून आईने त्याला उद्धट म्हटले होते. मोठ्यांचा मान राखायला मीही शिकवते. मात्र वाकून नमस्कार केला की मान राखला जातो, त्यासाठी गाल हवाली करावा लागत नाही, हे त्या माउलीला संध्याकाळी फाटकापाशी समजावून सांगितले आणि तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

मुलग्यांसमोर हे कशाला, असे सहकारी शिक्षकही विचारतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यांतील 12,447 मुले होती. त्यांपैकी 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आधी शाळेत विचारून पाहू, घरच्यांशी बोलून पाहू, ही मुभा शिक्षकाला नाही. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने, मुलीला कपड्यांवरून हात लावल्याच्या एका प्रकरणात, त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नसल्याने त्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा मानला. ‘कपड्यांवरून हात लावला तरी सांगायचे’ हे वाक्य तेव्हापासून मी प्रत्येक तासात मुद्दाम म्हणून घेते, आणि मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 हा क्रमांक पाढ्यासारखा पाठ करून घेते.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 पासून प्राथमिक शाळेतच नातेसंबंधांचे शिक्षण सक्तीचे झाले. आपल्याकडे त्याच वर्षी सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाची सुरुवात सहावीपासून आहे, त्यामुळे मी हे तास ‘खेळू, करू, शिकू’ या कला-कार्यानुभव-खेळाच्या विषयाच्या तासिकांतून काढते.

पालकसभेत एका आजींनी विचारले होते, ‘मॅडम, एवढ्याशा लेकराइले हे काऊन सांगता?’ मी नाव न घेता त्या दोन दिवसांची आणि ओव्याची गोष्ट सांगितली. आजी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या सभेला सुनेला सोबत घेऊन आल्या.

गेल्या आठवड्यात एक मुलगा टेबलाशी आला. सवयीने पोटावर हात ठेवला, मग काढला. ‘मॅडम, पोटात नाही दुखत. मले भीती वाटून राहिली. उद्या बाबाचं ऑपरेशन आहे.’ मी खडू ठेवला आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.