जर्दाळूचं मटण

बाबांची पंचाहत्तरी तिथीने झाली तेव्हा औक्षण आणि पुरणपोळी झाली. तारखेचा वाढदिवस माझ्या वाट्याला आला. रात्रीचं जेवण, घरचीच माणसं. मी जाहीर केलं, जर्दाळूचं मटण करणार.

"सुक्या मेव्यातले जर्दाळू? मटणात?" आईने असं विचारलं, जणू मी रश्शात बुंदी सोडणार होते.

बँकेतल्या एका पारशी बाईंनी हा पदार्थ मला डब्यातून खिलवला होता. जर्दाळू साली बोटी. बोटी म्हणजे मटणाचे बिनहाडाचे तुकडे आणि साली म्हणजे काडेपेटीतल्या काड्यांपेक्षाही बारीक चिरून तळलेला बटाटा. इराणात मांसात फळं घालायची रीत जुनी आहे. तिथे डाळिंबाचा रस आणि अक्रोड घालून कोंबडी किंवा बदक शिजवतात, त्याला फेसेंजान म्हणतात. पारशांनी ती आंबटगोडाची जीभ गुजरातेत आणली आणि इथे तिला आलं-लसूण, सुकी मिरची, गूळ नि नवसारीचा उसाचा सिरका भेटला. जर्दाळू हा शब्दही तिकडचाच. 'जर्द' म्हणजे पिवळं, 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्यातलं आलू. पिवळाजर्द म्हणताना आपण रोज अर्धं फारसी बोलतो, पत्ता नसतो.

आईला मी म्हटलं, "अगं, माशाच्या कालवणात कोकम असतं, कोळंबीत कैरी असते, गोव्याकडे बिंबलं घालतात. मटण जून निघालं की कच्ची पपई तूच वाटून लावतेस. ती काय भाजी आहे?" आपलं भांडण फळाशी नाहीच, गोडाशी आहे. पण मग भरल्या वांग्यात गूळ कसा चालतो?

"वांगं बिचारं गरीब असतं," आई म्हणाली.

बाजारात जर्दाळू दोन तऱ्हेचे मिळतात. एक नारिंगी, मऊ, गुबगुबीत, बिया काढलेले. तो रंग गंधकाच्या धुरीचा. दुसरे तपकिरी, सुरकुतलेले, बीसकट वाळवलेले. मटणात घालायचे ते हे दुसरे. एक किलो मटणाला मी पाव किलो घेतले आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवले. सकाळी ते फुगून बोटाएवढ्या बाळाच्या गालासारखे झाले होते. चिमटीत धरून दाबलं की बी सुळकन बाहेर येते. ती खलबत्त्यात हलक्या हाताने फोडायची, आत बदामासारखा गर निघतो. काहींचा गोड, काहींचा कडूजहर, आणि कडू असला तर खरंच विषारी असतो, म्हणून टोक चाखून कडू ते सरळ फेकायचे. पन्नासेक बिया फोडता फोडता माझा अंगठा दोनदा ठेचला. या कामाला लहान भाऊ असावा. माझा पुण्याला असतो.

बाकी कृतीत फारसं काही नाही. कांदा अगदी लाल होईपर्यंत परतला, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, दालचिनी, वेलची, मग मटण. शिजल्यावर जर्दाळू त्यांच्या पाण्यासकट, गुळाचा खडा आणि चमचा-दोन चमचे सिरका. खदखदायला लागलं की मात्र घरभर असा वास सुटला की आईही ओट्यापाशी येऊन उगाच डबे आवरत बसली. साली अगदी पानावर वाढताना घालायची, नाहीतर पाच मिनिटांत तिचा गचका होतो. बिनहाडाचं मटण बाबांना मान्य नाही, म्हणून खाटकाकडून दोन नळ्या वेगळ्या मागून आणल्या होत्या. पारशी बाईंना हे सांगितलेलं नाही.

बाबा जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि काही बोलले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ काहीही होऊ शकतो. मग एकेक जर्दाळू बोटाने ताटाच्या कडेला सारू लागले, चटणी-कोशिंबिरीच्या जागी ओळीने. मटण चापलं. दोन्ही नळ्या ठोकून ठोकून रिकाम्या केल्या. सालीची वाटी दोनदा मागितली. बहिणीने आणलेलं श्रीखंड फ्रिजमधून निघालं तेव्हा त्यांनी हाताने थांब म्हटलं, आणि कडेची ती ओळ, रश्शात माखलेली, शांतपणे एकेक करून खाल्ली.

"जर्दाळू फर्मास झालेत," हात धुताना म्हणाले. "त्यात मटण कशाला घातलंस?"