प्लस ते अर्थ, 470 व्होल्ट

2024च्या ऑगस्टअखेर वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं, तेव्हाची ही गोष्ट. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं, तरी कारेलीबागेतल्या त्या सोसायटीत लाइट नव्हती. पार्किंगमध्ये पाणी होतं, त्यामुळे वीज कंपनीनं फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, बंद ठेवला होता आणि ते योग्यच होतं. सेक्रेटरींचा फोन आला. "भाऊ, गच्चीवर दहा किलोवॅटचं सोलर आहे, ऊन आहे, मग वीज का नाही?"

पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलतो तो इन्व्हर्टर. तो ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला असेल, तर बाहेरची लाइन जिवंत असेल तरच चालतो. लाइन गेली की दोन सेकंदांच्या आत त्यानं बंद व्हायचं असतं. तसं झालं नाही तर गच्चीवरची वीज उलटी लाइनमध्ये शिरेल आणि खांबावर चढलेला माणूस जाईल. विकताना मात्र 'बिल शून्य' एवढंच सांगितलं जातं.

गुडघाभर पाण्यातून जाऊन जिना चढलो. गच्चीवर रहिवाशांनी आणलेला एक वायरमन बसला होता आणि लाल वायर सोलायला त्यानं चाकू लावला होता. थेट पॅनेलवरून घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करायचा त्याचा बेत होता. पॅनेल म्हणजे बारा व्होल्ट, असं तो मला समजावत होता. त्याला दोष देत नाही. जुनी छोटी पॅनेलं तशीच असायची, आणि नवी काय असतात ते त्याला कुणी शिकवलेलं नाही.

इथे 540 वॉटची दहा-दहा पॅनेलं एकामागोमाग जोडलेली होती. एकेक 49 व्होल्टचं. तापल्यावर थोडं उतरतं. मी मीटर लावला: प्लस ते अर्थ, म्हणजे जमीन, 470 व्होल्ट, मायनस ते अर्थ जवळपास शून्य. म्हणजे मायनसचं टोक खाली पाण्यात जमिनीला मिळालं होतं. ओल्या गच्चीवर अनवाणी बसून प्लसला हात लावला असता, तर ते 470 व्होल्ट त्याच्या अंगातून गेले असते. खालचा मेन स्विच बंद करून उपयोग नव्हता. ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही.

इन्व्हर्टर पार्किंगमध्ये, मीटरपेटीशेजारी, कंबरेच्या उंचीवर बसवला होता. बसवणाऱ्यानं एसी केबलचे काही मीटर वाचवले. पूर येणाऱ्या शहरात हे काम पास कसं होतं, याचा मला अजून संताप येतो.

वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर थोडा करंट दिसत होता, पाण्यातून वाहणारा. अशा वेळी कनेक्टर ओढला तर ठिणगी पेटते आणि पेटलेलीच राहते. एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. पॅनेलचा डीसी एकाच दिशेनं सतत वाहतो, त्याला ती सवलत नाही. घराघरांतून ताडपत्र्या आणि जाड सतरंज्या मागवल्या, पॅनेलं झाकली. करंट शून्यावर आल्यावर हातमोजे घालून एकेक कनेक्टर सोडवला आणि टोकांना टेप मारली. वायरमन शेवटपर्यंत माझ्याबरोबर होता. नीट हात चालतो त्याचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं स्वतःचं तीन किलोवॅटचं हायब्रिड सोलर होतं, म्हणजे लाइन गेली तरी बॅटरीवर चालणारं; पाच युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घरातल्या भिंतीवर. अख्ख्या इमारतीत दिवे तिथेच होते. काकू म्हणाल्या, "इन्सुलिन कुणाकुणाचं आहे ते आधी विचारा." सगळ्यांचं त्यांच्या फ्रिजमध्ये आलं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या नेब्युलायझरसाठी जिन्यातून वायर टाकली. मोबाइल दिवसा चार्ज करायचे, रात्री नाही. मोटर लावायची नाही हे मी बजावलं, कारण ती सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते आणि सगळंच ट्रिप होतं. रात्रभर फ्रिज आणि नेब्युलायझर चालले.

गुजरातमधल्या मोढेरा गावाला 2022 साली सौरग्राम म्हणून जाहीर केलं, तेव्हा पॅनेलांबरोबर 15 मेगावॅट-तासांची, म्हणजे 15 हजार युनिटची बॅटरी होती. म्हणून तिथे रात्रीचं बोलता येतं. आपल्या शहरात आपण नुसती पॅनेलं मोजतो. घरगुती सबसिडी तीन किलोवॅटला 78 हजार मिळते, आणि बॅटरी लावली तरी तो आकडा हलत नाही. मग ग्राहक बॅटरीची ओळ कोटेशनमधून पहिली काढतो. त्याचं तरी काय चुकलं? पण एवढी छपरं झाकून शहर स्वयंपूर्ण झालं असं म्हणणं मला पटत नाही.

सोसायटीचा नवा इन्व्हर्टर आता पहिल्या मजल्याच्या जिन्यात आहे. बॅटरीचा विषय सभेत पुढे ढकलला गेला. काकांकडे आहे ना, असं कुणीतरी म्हणालं. काकांची बॅटरी एका घराची आहे. लिफ्ट वगळून जिन्यातले दिवे, पाण्याची एक मोटर आणि औषधांचा एक फ्रिज धरून मी वीस युनिटचा हिशोब मांडलाय. पुढच्या सभेला तो घेऊन जाणार आहे, वायरमनलाही बोलावलंय.